चोरीस गेलेला माल: घर, नग एक

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले निम्मे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. पण अकोल्याच्या ठाण्यावर मी जमादार असताना एक गाडीवान आणि त्याची बायको फिर्याद घेऊन आली, ती सकाळ मात्र काल घडल्यासारखी डोळ्यांपुढे आहे.

गाडीवान मुसलमान, पन्नाशीचा, कापसाच्या गाड्या हाकणारा, अबोल माणूस. बोलायचं खातं बायकोकडे होतं.

"जमादारसाहेब, आमचं घर चोरीले गेलं," ती म्हणाली.

"म्हणजे घरात चोरी झाली?"

"घरात चोरी व्हाले घर पाह्यजे ना जी! घरच गेलं."

आमचे मुन्शी नियमाचे पक्के. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि 'चोरीस गेलेला माल' या रकान्यात शांतपणे लिहिलं, 'घर, नग एक'. पुढला रकाना होता 'माल कोठे ठेवला होता'. तिथं त्यांची लेखणी अडली आणि ते माझ्या तोंडाकडे पाहू लागले. मी काय सांगणार, कपाळ!

जाऊन पाहिलं तर बाई खरं बोलत होती. चार मातीच्या भिंती आणि वर आभाळ. खांब, तुळया, वासे, चौकट, दारं, भिंतीतल्या खुंट्यासुद्धा गायब. मेळघाटचं सागवान होतं, तिच्या सासऱ्याच्या वेळचं. फक्त उंबरठा जागेवर होता. अंगणातल्या लिंबाखाली त्यांची मुलगी पेटीवर बसली होती, नववा महिना भरत आलेली. तिला पहिल्या बाळंतपणाला आणायला हे दोघं अंजनगाव सुर्जीला गेले होते. व्याह्यांनी आग्रहानं आठ दिवस ठेवून घेतलं, आणि तेवढ्यात हे झालं.

"पोरगी आज बाळंत होईन का उद्या, सांगता येत नाही," बाई म्हणाली, आणि इतका वेळ तडतडणारा तिचा आवाज एकदम बसला. "तिले का झाडाखाली निजवू?"

मी शेजाऱ्यांना बोलावलं. काम तीन दिवस चाललं होतं म्हणे, दिवसाढवळ्या, गाणी म्हणत.

"अन् तुम्ही पाहत बसलात?"

"पाहत कावून बसू?" एक शेजारी दुखावल्यासारखा म्हणाला. "आमी मदत केली. माही पहार देल्ली त्याहीले. आमाले वाटलं, गाडीवान माडी बांधून राहिला!"

त्याला तरी काय बोलणार? दूर परमुलखात कुठं लढाई पेटली होती आणि त्यापायी वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. गल्लीगल्लीत जुनी घरं उतरत होती आणि माड्या चढत होत्या. कुणाचं घर मोडताना दिसलं की लोक पेढे मागायचे. मग आणखी एक गोष्ट निघाली. लाकडांच्या गाड्या कापसाच्या बाजारात अडकल्या, तेव्हा एका शिपायानं पुढं होऊन वाट मोकळी करून दिली. तो शिपाई माझा, आणि त्याला पाठवणारा मीच. हे मी डायरीत लिहिलं नव्हतं. इथं पहिल्यांदाच कबूल करतो.

चार दिवसांनी खबर आली. आणणारा दुसरा एक गाडीवान, ताडमाड उंच, कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ.

"अमरावतीले एका शेटची नवी वखार होऊन राहिली," तो म्हणाला. "पानी प्याले आत गेलो, तं चौकट लागली. जमादारसाहेब, या गाडीवानाच्या घरी मी वीस वर्सं जाऊन राहिलो, अन् दर खेपी त्या चौकटीनं मले इथंच ठोकलं. तेच चौकट आहे. माहं डोस्कं वयखते तिले!"

डोक्याची साक्ष कचेरीत चालत नाही. पण हा शेट म्हणजे ज्याच्याकडे गाडीवानानं बैलांसाठी घर गहाण टाकलं होतं तोच सावकार. मी बाईची परवानगी घेऊन उंबरठा उपसला, गाडीत घातला आणि मुन्शींना घेऊन अमरावतीचा रस्ता धरला. वाटेत लोक विचारायचे, काय नेता? उंबरठा नेतो म्हटलं की बैल हाकणारासुद्धा तोंड फिरवून हसायचा.

वखारीवर आधी सुतार सापडला. त्याला बाजूला घेतलं.

"सगळं घर उतरवलंस, मग उंबरठा का ठेवलास रे?"

त्यानं दोन्ही कानांना हात लावले. "दुसऱ्याचा उंबरठा उपटला तं पाप लागते जी."

"आणि घर उपटलं तर?"

"ते शेटजीले लागते."

सावकार गादीवरून हलला नाही. लाकूड जंगलच्या ठेकेदाराकडून घेतलं, म्हणाला. मी वाद घातला नाही. दोन पंच बोलावले आणि चौकटीखाली उंबरठा सरकवायला सांगितला. चौकटीचे दोन्ही पाय उंबरठ्याच्या खाचांत असे बसले की पंचांच्या तोंडून "वा!" निघून गेलं. सावकाराचा चेहरा उतरला, पण अर्धी घटकाच. मग त्याला हुशारी सुचली. मुनीमाकडून स्टँपाचा कागद आणवून त्यानं माझ्यापुढं टाकला.

"लाकूड त्याच्याच घरचं आहे. बरं मग? घर मजकडे गहाण आहे, मुदत टळली. माझा माल मी आणला. स्वतःच्या मालाची चोरी होते काय, जमादारसाहेब?"

बाबा रे, इतकी सोपी कबुली मला उभ्या नोकरीत कुणी दिली नाही. मी मुन्शींना म्हटलं, शब्द न् शब्द लिहा.

कागद वाचला. गहाण होतं नजरगहाण. म्हणजे घर कर्जदाराच्याच ताब्यात राहणार, सावकारानं त्याच्यावर नुसती नजर ठेवायची. मुदत टळली तर आधी मागणी करायची, मग कचेरीत दावा लावायचा. कर्जदाराला समन्स जाणार, त्याचं म्हणणं ऐकलं जाणार. मग हुकूमनामा. तो घेऊन सरकारचा नाझर जाणार, पंचांसमक्ष जप्ती करणार, दवंडी पिटून लिलाव करणार. सावकाराचं देणं भागून उरेल ते कर्जदाराला परत. यातली एकही पायरी शेटजी चढले नव्हते.

"मुदत टळली की दावा लावायचा हक्क येतो, शेटजी. घर येत नाही," मी म्हणालो.

"कचेरीत महिने जातात हो! लाकडाचा भाव काय चालला आहे, ठाऊक आहे का तुम्हाला?"

तेवढ्यासाठी घर मोडलं याची त्याला लाज नव्हती. मला मात्र भयंकर राग आला. मी आवाज चढवला, हेही खरं आहे.

निकाल आत्ताच सांगून टाकतो. कचेरीतल्या मॅजिस्ट्रेटसाहेबांनी सावकाराला दंड ठोठावला. सावकारानं पुढं रीतसर दावा लावला, कचेरीनं हप्ते बांधून दिले आणि पुढल्या हंगामात गाडीवान मोकळा झाला. पण त्या आठवड्यात अडचण वेगळीच होती. जप्त केलेलं सगळं घर आता मुद्देमाल होतं. खटला संपेपर्यंत तो ठाण्यात ठेवायचा, हा नियम. ठाण्याच्या आवारात तुळयांचा ढीग पडला आणि मुलगी लिंबाखालीच.

मी साहेबांपुढे अर्ज ठेवला. लाकूड उघड्यावर राहिल्यास वाळवी लागेल, सबब मुद्देमाल फिर्यादीच्या हवाली करावा आणि मूळ स्थितीत जपून ठेवावा. साहेबांनी 'मूळ स्थितीत' हे शब्द दोनदा वाचले, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

उतरवणारा सुतारच चढवायला आला, मजुरी न घेता. शेजाऱ्यांनी पुन्हा पहार दिली. तिसऱ्या दिवशी मुलीला कळा सुरू झाल्या. वर शेवटचे वासे ठोकणं चाललेलं, खाली सुईण ओरडते, "अरे, दार लावा रे मेल्याहो, दार!" दार बिजागऱ्यांवर बसलं, आतून लागलं, आणि सुतार तिथंच खाली बसून घाम पुसू लागला.

दुसऱ्या दिवशी मी मुन्शींना घेऊन मुद्देमालाची तपासणी करायला गेलो. आतून बाळ रडत होतं. दारात बाई दोन्ही हात चौकटीला लावून उभी.

"काय पाह्यजे?"

"तपासणी. खांब, तुळया मोजायच्या आहेत."

"हुकूमनामा आहे?"

मी चमकलो. शेटजींना ऐकवलेला कायदा परत आल्यावर मीच तिला रंगवून सांगितला होता. "अहो बाई, मी पोलीस आहे!"

"तो बी शेट होता," ती म्हणाली. "आत माही पोरगी बाळंतीण आहे."

मुन्शी खोकले. माझं तोंड कडू झालं. हिच्या घरासाठी उंबरठा घेऊन चार मुक्काम केले, आणि ही मलाच अडवते! पण चूक शोधायला गेलो तर सापडेना. कागद नव्हताच माझ्याजवळ. मी मुन्शींना घेऊन मागं फिरलो आणि साहेबांकडे लेखी हुकूम मागितला. तो बाराव्या दिवशी आला. त्या दिवशी बाईनं कागद उलटसुलट करून पाहिला, एक अक्षर वाचता येत नसताना, आणि मग मला आत घेऊन हातावर साखर ठेवली.

सावकाराला कायदा शिकवताना तो मलाही लागतो हे माझ्या डोक्यात नव्हतं, आणि ते मला त्या बाईनं शिकवलं. पुढं नोकरी संपेपर्यंत मी कागदाशिवाय कुणाच्या घरात पाय टाकला नाही. टाकावासा पुष्कळदा वाटला.