भूमिकाची पाठराखीण

दर्शना विशेला गाता येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गाण्याचं मंडळ काढणारी मुलगी म्हणजे गोड गळ्याची असणार, असं लोक उगाच धरून चालतात. हिचा आवाज जाड होता, वर गेला की फाटायचा. आणि तो फाटला की मोठी बहीण भूमिका हसायची. तोंड मिटून, मान खाली घालून, नुसतं नाकातून. ते हसू ऐकलं की दर्शना हाताला लागेल ते फेकून मारायची.

ती भूमिका आता नव्हती.

आटगावपासून आत त्यांचं गाव. बाप धर्मा भातशेती करायचा, आणि बापाची बहीण रखमी ही गावची धवलारीण होती. त्या बाजूला लग्नात धवलारणीवाचून पान हलत नाही. ती नवरीचं नाव घालून धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, उघडते आणि हळद कुटण्यापासून पाठवणीपर्यंत एकेक गाणं म्हणत लग्न पुढे नेते. भूमिकाचं लग्न ठरलं तेव्हा रखमीआत्या उखळाशी बसली, भाचीचं नाव घातलं, धवला उघडला. हळद कुटून झाली. ती अंगाला लागायच्या आधीच खळ्यावर भाताचा भारा उचलताना भूमिकाला घोणस चावली. शहापूरला नेलं, पण उशीर झाला होता.

कुटलेली हळद डब्यात राहिली. लग्नासाठी नाव घालून घेतलेली भांडी माळ्यावर गेली. आत्याने त्यानंतर कुणाच्या मांडवात तोंड उघडलं नाही. गावाचं अडलं नाही, डीजे होताच.

दर्शना शहापूरला कॉलेजात जायची. तिसऱ्या वर्षाला आली आणि एके दिवशी सांस्कृतिक विभागाच्या मॅडमपुढे जाऊन उभी राहिली.

"मुलींचं धवल्यांचं मंडळ काढायचंय, मॅडम."

"डान्स ग्रुप आहे की. त्यात जा."

"डान्स वेगळा, मॅडम. हे बसून म्हणायचं असतं."

बाजूला सांस्कृतिक सेक्रेटरी मितेश मोबाइल चाळत उभा होता. तो म्हणाला, "मॅडम, आमच्या आजीची गाणी ती. ऐकायला कोण बसणार? झोपायला बसतील."

"तुला बोलावलंय कोणी? मुलींचं मंडळ आहे," दर्शना म्हणाली.

मॅडमना हसू आलं. त्यांनी जिमखान्यामागची सामानाची खोली दिली आणि अट घातली. स्नेहसंमेलनापर्यंत मुली टिकल्या तर मंडळाची नोंद होईल. पांगल्या तर विषय संपला.

लोप पावत चाललेली कला वगैरे दर्शना मॅडमना म्हणाली खरी. ती थाप होती. तिला धवला ऐकायचा होता, एवढंच. रोज पहाटे जाग येताना तिच्या कानात धवल्याची पहिली ओळ वाजायची, भूमिका गुणगुणायची तशी, आणि अर्ध्यात तुटायची. रोज तिथेच. पुढची ओळ कुणाच्या तरी तोंडून ऐकल्याशिवाय हे थांबणार नाही, असं तिच्या मनाने घेतलं होतं. आत्या तर गप्प. मग मुली जमवणं आलं.

मुली जमल्या. सापगावची कुणाली आली. तिच्या आईला धवले येत होते. मुरबाडच्या डोंगरातल्या वाडीतून येऊन होस्टेलवर राहणारी शीतल आली. तिचे धवले वेगळे, चाल वेगळी, पण आवाज असा की पत्र्याचं छप्पर वाजावं. आणखीही आल्या. सतरंजी अंथरली, आणि पहिल्याच ओळीला गाडी अडली. नवरीचं नाव काय घालायचं?

"कुणाली घाल," शीतल म्हणाली.

"माजं नको गो बाय! लगीन ठरल्याबिगर नाव घातलं तर ठरत नाय कदी."

"मग तुजं?"

"माजं कशाला? तुजं घाल ना, लय हौस तर."

कुणीच आपलं नाव देईना. बी.ए., बी.कॉम.च्या मुली या, पण विषाची परीक्षा कोण घेणार? नावाच्या जागी 'ला ला' म्हणून पाहिलं. हसून हसून लोळल्या. लगीन झालेलीचं नाव चालतं, असं कुणाली म्हणाली. ती एकदा पाठवणीपर्यंत जाऊन आलेली असते, तिला धक्का नाही.

शीतल दर्शनाने माळ्यावरून काढून आणलेल्या जेवणाच्या डब्याचं झाकण घेऊन खेळत होती. त्यावर टोचून काढलेली अक्षरं तिने वाचली. "भूमिका. कोण गो ही?"

"बहीण माझी. मोठी."

"लगीन झालंय ना तिचं?"

इथे दर्शनाने नाही म्हणायचं होतं. एका शब्दाचं काम.

"झालंय," ती म्हणाली.

आणि शीतलच्या त्या दणकट आवाजात धवला उघडला. *कोण गो नवरी मांडवात? भूमिका नवरी मांडवात.*

दुसऱ्या दिवशी पहाटे दर्शनाच्या कानात काही वाजलं नाही. तिला इतकं हलकं वाटलं की तिने आईला चहा करून दिला.

मंडळ रंगलं. एका बैठकीत मांडव झाला, पुढच्या बैठकीत हळद. न येऊ शकलेल्या मुलींसाठी कुणाली मोबाइलवर रेकॉर्ड करायची. हळद झाली त्या दिवशी खोलीत ओल्या हळदीचा वास आला. सगळ्यांनाच आला. कॅन्टीनमधून येत असेल म्हणून सोडून दिलं. कॅन्टीनवाला त्या दिवशी गावी गेला होता.

मग रेकॉर्डिंग. ते आधी कुणालीनेच ऐकलं. सगळ्यांच्या आवाजात एक आवाज जास्तीचा होता. बारीक, गोड, आणि घाईचा. प्रत्येक ओळ तो इतरांच्या जरा आधी उचलत होता, जणू पुढचं माहीत असल्यासारखा.

"कोण आहे ही?" कुणालीने एकेकीला गायला लावलं. कुणाचाच जुळला नाही. दर्शना मान खाली घालून सतरंजीचे धागे ओढत बसली. भूमिका नेहमी घाई करायची. आत्या ओरडायची तिला, गाडी सुटतेय का गो तुजी?

दर्शनाने ते रेकॉर्डिंग मागून घेतलं. घरी, माळ्याखाली बसून, कानात घालून ऐकत राहिली. भीती वाटायला हवी होती. तिला भूक लागल्यासारखं झालं. पुढची बैठक कधी, एवढंच डोक्यात. अभ्यास गेला, जेवण गेलं. आई म्हणाली, "पोरी, गालाची हाडं वर आली तुजी." हिला ऐकूच आलं नाही.

कुणालीची मावशी दर्शनाच्याच गावात दिलेली. दिवाळीला कुणाली तिच्याकडे गेली, आणि जे कळायचं ते कळलं. पुढच्या बैठकीला ती दारातच उभी राहिली.

"दर्शना, तुजी बहीण कुठं दिली?"

दर्शना सतरंजीवरचा केर झटकू लागली.

"सांग की. सासर कुठलं तिचं?"

"कुणाली, बस ना."

"बसते कशाला? मेलेलीचं लगीन लावून घेतलंस आमच्या तोंडून! आमी तुला काय हसत नव्हतो, काय तरास देत नव्हतो. खोटं का बोललीस?"

मुली उठल्या. कुणी रडत, कुणी शिव्या देत. एकीने जाताना हाताने कपाळ पुसलं, जणू हळद लागली होती. शीतल शेवटी उठली. ती ओरडली नाही. "नाव मी घातलं ना तोंडातून," एवढंच म्हणाली आणि गेली.

कॉलेजभर बोभाटा झाला. मितेशने भुतांचं मंडळ असं नाव पाडलं. मॅडमनी बोलावून सांगितलं, "आठवड्यात मुली परत दिसल्या नाहीत तर खोलीची किल्ली जमा कर."

दर्शना आत्याकडे गेली. रखमीआत्या पडवीत वाल सोलत होती. तिने सगळं ऐकलं. हातातली शेंग टोपलीत टाकली.

"उगाडलेला धवला पाठवणीपर्यंत न्यावा लागतो," ती म्हणाली. "नायतर नवरी मांडवातच बसून राहते. मी उगाडून ठेवला, तू परत उगाडलास. आता तूच पाठव तिला."

"पाठवलं म्हणजे ती जाणार?"

"मग काय लोणचं घालणार हायस तिचं?"

दर्शना रडायला लागली. आत्याने रडू दिलं. मग म्हणाली, "एक जागा वाईट हाय. पाठवणीत इचारतात, नवरीसंगं पाठराखीण कोण? उत्तर दिल्याबिगर नवरीचा पाय निगत नाय. आनि पाठराखीण पाठची बहीणच असते. जिचं नाव घेतलं ती नवरीसंगं गेली. तुज्या तोंडातून तुजं नाव येता कामा नये. दुसरीचं बी नको."

"मग म्हणू काय?"

"ते मला म्हायीत असतं तर मी येवडी वर्सं गप बसले असते का?"

कुटलेल्या हळदीचा डबा तिने आतून आणून दर्शनाच्या हातात दिला.

मुलींना परत आणलं शीतलने. होस्टेलच्या मुली आधी, मग त्यांना धरून बाकीच्या. "अर्ध्यावर सोडून आपुन सुखानं ऱ्हाऊ का गो?" हा तिचा मुद्दा होता, आणि तो बिनतोड होता. कुणालीही आली. दर्शनाकडे न बघता बसली आणि मोबाइल सुरू करून मध्ये ठेवला.

दुपारची वेळ. दार उघडंच ठेवलं, बाहेर क्रिकेट चाललं होतं. डबा मध्ये ठेवला. धवला जिथे थांबला होता तिथून उचलला. माळ झाली, ओटी झाली, आईचं रडणं झालं. मुलींचे आवाज कापत होते, पण कुणी थांबलं नाही. हळदीचा वास भरून आला, इतका की शीतलला ठसका लागला.

मग ती ओळ आली. *नवरीसंगं पाठराखीण कोण?*

सगळ्या गप्प झाल्या. बाहेरचा चेंडूचा आवाजही थांबला, की दर्शनालाच तसं वाटलं. उत्तर तिच्या जिभेवर होतं. आपलं नाव, चालीत चपखल बसणारं. लहानपणी दोघी लग्न-लग्न खेळायच्या तेव्हा ती हेच म्हणायची. डब्यापाशी कुणीतरी वाट बघत बसलंय, हे तिला न बघता कळत होतं. जावंसं वाटत होतं. खरंच वाटत होतं. कुणालीने तिचं मनगट धरलं. राग तसाच होता, नखं रुतली.

दर्शनाने तोंड उघडलं.

*पाठराखीण नाय गो नाय, तिची परीक्षा आली हाय...*

चालीत बसत नव्हतं. वरच्या सुरावर आवाज फाटला, भयंकर फाटला. पण शीतलने ओळ उचलली, मग सगळ्यांनी. पाठवणी पुरी झाली. सतरंजी कुणी गोळा करेना.

"पुढच्या बारीला नाव कुनाचं घालायचं?" शेवटी शीतलने विचारलं.

"जित्या माणसाचं घाला," दर्शना म्हणाली. "माझं घाला."

"लगीन ठरायचं नाय तुजं," कुणाली म्हणाली. पहिल्यांदाच तिच्याकडे बघून.

"नाही तर नाही."

नोंद झाली. रेकॉर्डिंग दर्शनाने पुष्कळ दिवस ऐकलं नाही. ऐकलं तेव्हा घाईचा आवाज पाठराखिणीच्या प्रश्नापर्यंत होता. मग शांतता. मग तिचा स्वतःचा फाटका सूर. आणि त्या सुराच्या पाठोपाठ, कुणालीच्या श्वासाआधी, कुणीतरी तोंड मिटून नाकातून हसलं.

दर्शनाने हातातली उशी भिंतीवर फेकून मारली.