गोष्टीतला दुसरा मुलगा

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. वडील कुरिअरचा टेम्पो चालवतात. आई सातवीपर्यंत शिकली आणि लग्न करून परळहून मीरा रोडला, शांती नगरच्या आमच्या वन-रूम-किचनमध्ये आली. मी पहिलीत गेलो तेव्हापासून आमच्याकडे एक पद्धत आहे. संध्याकाळी आई खिडकीपाशी इमिटेशनच्या कानातल्यांवर खडे चिकटवायला बसते, आणि त्या दिवशी मी जे वाचलं असेल ते तिला सांगायचं. जे सांगता येत नाही ते वाचलेलंच नसतं, असं तिचं म्हणणं. मी तिला बेडकाचं हृदय सांगितलं, आग्र्याहून सुटका सांगितली. अकरावीत मागणीचा नियम सांगितला तेव्हा ती म्हणाली, हे तर भाजीवालीलाही ठाऊक आहे, यासाठी कॉलेजची फी कशाला.

मी तिच्याशी खोटं बोललो ते याच पद्धतीत बसून. म्हणून आधी ती सांगितली.

अकरावीपासून माझ्या बाकावर एक मुलगा बसायचा. उत्तनचा, ख्रिश्चन कोळ्यांच्या घरातला. वडिलांची बोट होती. तो कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला, त्यामुळे इंग्रजी फाडफाड बोलायचा आणि मराठी बोलायला लागला की गावची बोलायचा. माझं उलटं होतं. इंग्रजी वाक्य बोलायच्या आधी मी ते मनात दोनदा म्हणून बघायचो, आणि तोवर विषय बदललेला असायचा. त्याने एकदाही माझं हसू केलं नाही. फक्त म्हणाला, तू बोलतोस कमी, पण चुकतोस पण कमी.

बारावीत, दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याने मला एक पुस्तक दिलं. ब्राऊन पेपरचं कव्हर घातलेलं, वर लेबल चिकटवून इकॉनॉमिक्स लिहिलेलं. त्याच्या मावसबहिणीने कुठून तरी आणलेली इंग्रजी कादंबरी होती, आमच्याच वयाच्या मुलांसाठी लिहिलेली. वाच, मग बोलू, एवढंच तो म्हणाला.

गोष्ट साधी होती. परदेशातलं तळ्याकाठचं गाव, सुट्टीचे दिवस, दोन मुलं. एक तिथलाच, एक नवीन राहायला आलेला. दोघं मिळून एक मोडकी होडी दुरुस्त करतात आणि करता करता एकमेकांच्या प्रेमात पडतात. मी मोबाईलवर शब्द शोधत वाचायचो, आठवड्याला दोन प्रकरणं. पाचव्या प्रकरणात मला कळलं की हे काय पुस्तक आहे, आणि ते मला का दिलंय तेही. मराठीत असं काही माझ्या हाती आलं नव्हतं. असेलही, मला माहीत नव्हतं. आपल्यासारखं कोणीतरी छापलेलं असतं, हेच मला नवीन होतं.

कॉलेज सुटल्यावर आम्ही पूनम सागर कॉम्प्लेक्सच्या बाजूच्या बागेत बसायचो. मला न कळलेल्या जागा तो समजावून सांगायचा. होडीचं वर्णन आलं की चिडायचा. म्हणायचा, हे लिहिणाऱ्या बाईने आयुष्यात होडी बघितलेली न्हाय, ओल्या लाकडाला कोण रंग लावतं. आणि मग लाकूड कसं वाळवतात, फटीत कापूस कसा ठोकतात, हे इतक्या मन लावून सांगायचा की पुस्तक बाजूलाच राहायचं.

नवव्या प्रकरणात ती दोन मुलं एकमेकांना सांगून टाकतात. ते प्रकरण आम्ही बागेत एकत्र वाचलं. संपल्यावर त्याने बोट पानातच ठेवून पुस्तक मिटलं. मग म्हणाला, "आपलं पण असंच हाय का?"

मी त्याचाच शब्द उचलला. म्हणालो, "हाय."

तो हसला. एवढंच झालं. मी स्टेशनपर्यंत त्याच्याबरोबर चालत गेलो, त्याची भाईंदरची बस निघून गेली तरी उभा राहिलो.

घरी मात्र आई विचारायची, हल्ली इकॉनॉमिक्स एवढं का वाचतोस, सांगत तर काही नाहीस. शेवटी, पाचवं प्रकरण वाचून झाल्यावर, मी सांगून बसलो होतो की आत गोष्टीचं पुस्तक आहे, इंग्रजी सुधारायला मित्राने दिलंय. मग सांग की, ती म्हणाली. मी सांगायला लागलो. तळं सांगितलं, होडी सांगितली, तिथला मुलगा सांगितला. नवीन राहायला येणाऱ्यापाशी पोचलो आणि माझ्या तोंडून निघालं, एक मुलगी येते.

मी ठरवलं नव्हतं. पण एकदा आली म्हटल्यावर ती राहिली. आईला ती फार आवडली. होडी ठोकणारी, बापाला न घाबरणारी मुलगी. खडे चिकटवता चिकटवता ती मध्येच विचारायची, त्या पोरीच्या घरी कळलं का रे? मी पुढचं प्रकरण वाचायचो आणि मनात तिच्यासाठी बदलून ठेवायचो. हळूहळू मला ते जमायला लागलं, हे सांगायची लाज वाटते.

बारावीच्या प्रिलिम्सनंतर तो पहिल्यांदा आमच्या घरी आला. आईसाठी सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन. आईने त्याला बळेच जेवायला बसवलं. पुस्तक देणारा हाच, हे कळल्यावर तर तिला कोणीतरी आपलं भेटल्यासारखं झालं. मी पाणी आणायला आत गेलो होतो. बाहेर आलो तेव्हा ती विचारत होती, "शेवटी त्या पोरीचं काय होतं? हा मेला अडवून ठेवतो, सांगतच नाही."

"कुठली पोरगी, आंटी?"

"अरे, ती होडीवाली. नवीन राहायला आलेली."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी तांब्या हातात धरून उभा होतो. मी तेव्हा काही बोललो असतो तर बरं झालं असतं.

"ती ना," तो आईला म्हणाला. "ती चांगली हाय, आंटी. ती थांबते त्याच्यासाठी."

आई खूश झाली. म्हणाली, "मला अशीच सून पाहिजे बघ. माशातलं कळणारी." तो हसला, भाताला हात लावला, सगळं संपवून उठला. ताट स्वतः धुतलं. त्याने आईला काही कळू दिलं नाही.

खाली शेअर रिक्षाच्या रांगेत आम्ही उभे राहिलो. आमच्या पुढे तीन माणसं होती.

"म्हंजे तुझ्या घरी मी पोरगी हाय," तो म्हणाला.

मी म्हणालो, मी घाबरलो होतो.

"घाबर की. मी न्हाय का घाबरत? घरी, चर्चमध्ये, सगळीकडे घाबरतो." मग थोडं थांबून म्हणाला, "त्या पुस्तकात तेवढी एक जागा होती. तिथनं पण काढलंस मला."

मला सॉरी म्हणायचं होतं. रिक्षा आली. त्याने पुस्तक मागितलं. शेवटची दोन प्रकरणं राहिली होती, पण मी बॅगेतून काढून दिलं.

त्यानंतर तो भांडला नाही. बोर्डाच्या परीक्षेला सेंटरवर भेटायचो, पेपर कसा गेला वगैरे विचारायचो. बागेत पुन्हा गेलो नाही. निकालानंतर त्याचा नंबर बंद झाला. तो जहाजावरच्या नोकरीचा कोर्स करायला गेल्याचं दुसऱ्या कोणाकडून कळलं. आईला मी सांगितलं की पुस्तक परत द्यावं लागलं.

आता मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या हिवाळ्यात कॉलेजच्या लायब्ररीत तेच पुस्तक दिसलं, कव्हर न घातलेलं. तिथेच उभ्याने शेवटची दोन प्रकरणं वाचली. नवीन आलेला मुलगा थांबत नाही. तिथला मुलगा घरी सांगायचा धीर करेपर्यंत नवीन मुलाचं कुटुंब गाव सोडून गेलेलं असतं. त्या दिवशी जेवताना त्याने शेवट बदलून सांगितला होता, माझ्या आईला बरं वाटावं म्हणून.

संध्याकाळी आई खिडकीपाशी बसली तेव्हा मी म्हणालो, ती होडीची गोष्ट मी चुकीची सांगितली. ती मुलगी नव्हती, मुलगा होता. आणि मग, थांबलो असतो तर पुन्हा जमलं नसतं म्हणून, माझंही सांगितलं.

आईने हातातला चिमटा खाली ठेवला. मला वाटलं ती रडेल किंवा वडिलांना फोन करेल. ती म्हणाली, "त्या पोराला मी ताटावर बसवून काय काय विचारलं रे." मग म्हणाली, बाबांना एवढ्यात सांगू नकोस. आणि हे सगळं मला कळलंय असं समजू नकोस, वेळ लागेल. शेवटी विचारलं, तो आता कुठे असतो? मला माहीत नव्हतं. मग जाऊन विचार, ती म्हणाली.

रविवारी मी उत्तनला गेलो. त्याची आई दारात बसून कोळंबी सोलत होती. तो जहाजावर आहे, पंधरा दिवसांनी एकदा फोन येतो, असं तिने सांगितलं. नंबर द्यायला ती कचरली. निरोप दे, म्हणाली. मी म्हणालो, मीरा रोडच्या मित्राने त्याच्या आईला खरी गोष्ट सांगितली, एवढंच सांगा. तिला त्यातलं काही कळलं नसावं, पण विसरू नये म्हणून तिने ते माझ्यासमोर दोनदा म्हणून बघितलं.

महिन्याभराने मी पुन्हा गेलो. निरोप पोचला होता.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"काय न्हाय. लय वेळ गप होता. मला वाटला फोन तुटला." तिने हात पदराला पुसले. "मंग मलाच इचारलं, जेवलीस का."

घरी आल्यावर मी हे आईला जसंच्या तसं सांगितलं.