शिक्षणसम्राटांचं भाषण

हडपसरच्या त्या शाळेच्या फाटकावर दर डिसेंबरात एक भलामोठा फ्लेक्स चढायचा. त्यावर संस्थेचे अध्यक्ष वैजनाथअण्णा हात जोडून उभे आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'शिक्षणसम्राट'. सरोजिनीबाई गायकवाड बसमधून उतरून त्या फ्लेक्सखालून आत शिरायच्या आणि रोज त्यांचं डोकं फिरायचं. अहो, सम्राट कसला! शाळा काढली ती याच्या वडिलांनी, सायकलवर हिंडून. याला ती आयती मिळाली. पुढे उसाच्या रानात काचेच्या आयटी इमारती उभ्या राहिल्या, आणि अण्णांच्या अंगात सम्राट संचारला. शिपायानं चप्पल उचलून ठेवायची, शिक्षकांनी वाढदिवसाला रांगेत उभं राहायचं, मुलींनी ओवाळायचं. बाई त्या रांगेत कधी उभ्या राहिल्या नाहीत. त्या दिवशी त्या ठरवून अकरावीचा जादा तास घ्यायच्या.

हा ताठपणा घरचा होता. वडील भीमराव देहूरोडच्या डेपोत कामगार. छप्पनच्या दीक्षेला नागपूरला जाऊन आलेले. त्यांनी घरात एक रीतच पाडली होती. कुणी कुणाला हुकूम सोडला, की लहान पोरानंही विचारायचं, "कुठल्या कलमानं?" आणि मोठ्यानं कारण द्यायचं. कारण नसेल तर हुकूम रद्द. आई सुंदराबाईंना या रीतीचा भारी जाच व्हायचा. भांडी घासायला सांगितलं आणि सरोजिनीनं कलम विचारलं, की त्या लाटणं दाखवून म्हणायच्या, "ह्या कलमानं!" पण भीमरावांनी विचारलं तर त्याही मुकाट्यानं कारण सांगायच्या. असल्या घरात वाढलेली मुलगी राज्यशास्त्र शिकवणार नाही तर काय करणार?

शाळेत मात्र बाईंकडे एक काम वर्षानुवर्षं चिकटलं होतं. स्नेहसंमेलनात अण्णा भाषण करायचे आणि ते भाषण बाईंनी लिहून द्यायचं. अण्णा ते आधी उघडूनही बघत नसत. थेट माइकसमोर घडी मोडायची आणि छाती काढून वाचायचं, 'मी ठरवलं आहे', 'माझं स्वप्न आहे'. स्वप्न बाईंचं, ठरवलेलं बाईंनी, टाळ्या अण्णांना. चांगलं काही होत असेल तर होऊ दे, असं म्हणून बाई गप्प राहायच्या. मुलींची स्वच्छतागृहं अशीच बांधून झाली होती.

त्या वर्षी अकरावीच्या पोरांना इंग्लंडची राज्यपद्धती काही केल्या कळेना. राणीला मुकुट आहे, सैन्य तिचं, कायद्यावर सही तिची, आणि तरी सत्ता तिची नाही, हे काय गौडबंगाल? बाईंनी त्याचा एक छोटा प्रवेश बसवला, स्नेहसंमेलनासाठी. राणी झाली पूर्वा, अण्णांची नात, कारण ती वाचायची सुरेख. पंतप्रधान झाली जिनत. तिचे वडील कादरभाई मार्केट यार्डात कांदे-बटाट्याचे आडते. त्यांचा काळा कोट दंडाला टाचण्या लावून जिनतनं चढवला होता. प्रवेश असा, की पंतप्रधान भाषण लिहून राणीच्या हातात देते आणि राणी ते जसंच्या तसं संसदेत वाचते. तिला ते पटो न पटो.

तालमीला अण्णा टपकले. दोन मिनिटं बघितलं आणि हात वर केला.

"थांबा. राणीला हे लिहून दिलं कुणी?"

"पंतप्रधानांनी, अण्णा," बाई म्हणाल्या.

"आणि राणी निमूट वाचते?"

"वाचावंच लागतं. तिचा सल्ला घ्यावा लागतो, तिला धीर देता येतो, सावध करता येतं. तेवढेच हक्क. कायद्याला सही नाकारल्याला तिकडे तीनशे वर्षं होत आली."

"मग काय झक मारायला ठेवलीय राणी?"

"तिकडेही काही लोक तेच विचारतात."

पोरं खुदखुदली. अण्णांचा चेहरा लालबुंद झाला. "माझी नात स्टेजवर उभी राहून त्या कांदेवाल्याच्या पोरीनं लिहिलेलं वाचणार? लोक हसतील मला! पूर्वा, तू तो कागद फाडायचा, हिच्या तोंडावर फेकायचा आणि हिला दरबारातून हाकलायचं. बाई, असं बदलून घ्या."

"तसं बदललं तर ते इंग्लंड राहणार नाही, अण्णा."

"मग काय राहील?"

"आपली शाळा राहील."

पोरीसोरींसमोर असं! अण्णा तडक निघून गेले. दुपारी मुख्याध्यापक श्रीनिवाससरांनी बाईंना बोलावलं. सर भला माणूस, पण शेपूट घालण्यात आयुष्य गेलेलं. मेअखेर ते निवृत्त होणार होते आणि खुर्ची बाईंची होती. सेवेत सगळ्यांत ज्येष्ठ त्याच, नियमच तसा होता.

"बाई, अण्णा म्हणताहेत, प्रवेश बदला," सर टेबलाकडे बघत म्हणाले. "नाहीतर जूनपासून खुर्चीत संजयराव."

संजयराव म्हणजे अण्णांचे जावई. सॉफ्टवेअर कंपनीतून बाहेर पडून दोन वर्षांपूर्वी शाळेत कॉम्प्युटर शिकवायला लागलेले.

"कुठल्या कलमानं?" बाईंच्या तोंडून आपसूक निघालं.

"अहो, कलम कसलं घेऊन बसलात! संस्था त्यांची आहे."

"संस्था त्यांची असेल. पगार सरकार देतं, नियम सरकारचे आहेत. इंग्लंडच्या राणीला जे जमत नाही ते हडपसरात बरं चालतं!"

"भांडून काय मिळणार? तुमचं वय झालं आता. कोर्टात गेलात तर निकाल लागेपर्यंत तुम्हीही निवृत्त व्हाल."

हे मात्र खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच बाईंचा तिळपापड झाला. आयुष्यभर मुलांना शिकवलं, की राजा कायद्याच्या खाली असतो. आणि स्वतःच्या शाळेत? इथे जावई कायद्याच्या वर! बाईंनी प्रवेश बदलला नाही. अण्णांनी तो रद्द केला आणि त्या जागी धूर सोडून, लेझर लावून एका हिंदी गाण्यावरचा नाच घातला. जिनत कोटाच्या टाचण्या काढता काढता म्हणाली, "बाई, आमचं काय चुकलं?" बाईंनी खाली पडलेल्या टाचण्या गोळा करून तिच्या हातात दिल्या. मग त्या रागारागानं स्टाफरूममध्ये जाऊन बसल्या.

तेवढ्यात शिपाई आला. "बाई, अण्णांचं भाषण मागितलंय."

बघा निर्लज्जपणा! पोरांचा प्रवेश मोडला आणि भाषण मात्र यांनाच लिहायला सांगायचं! बाईंनी पेनाचं टोपण काढलं. मग कागद ओढून सलग लिहून काढलं आणि स्वतः जाऊन अण्णांच्या हातात दिलं.

"अण्णा, यंदा एकदा वाचून घ्या. सावध करतेय."

"मी काय तुमचा विद्यार्थी आहे? ठेवा तिथं."

बाईंनी ठेवलं.

स्नेहसंमेलनाला मैदान फुलून गेलं होतं. व्यासपीठावर शिक्षणाधिकारी, शेजारी सर, समोर पालकांची गर्दी. जिनत कोट घालूनच आली होती, हट्टानं. अण्णा माइकसमोर उभे राहिले, घडी मोडली, छाती काढली. नवी कॉम्प्युटर लॅब झाली, निकाल झाले, वडिलांची सायकल झाली. मग त्याच खणखणीत आवाजात ते वाचू लागले, "श्रीनिवाससर निवृत्त होत आहेत. जूनपासून, नियमाप्रमाणे, सेवेत सर्वांत ज्येष्ठ असलेल्या सरोजिनी गायकवाड या शाळेच्या मुख्याध्यापिका होतील. संस्था मला वारशानं मिळाली, नियम मला वारशानं मिळालेले नाहीत. नियमापेक्षा मी मोठा नाही."

पहिली टाळी जिनतची. ती उभी राहून वाजवत होती. मग सगळं मैदान वाजवायला लागलं. अण्णांनी सवयीनं हात जोडले, हसून मान लववली. शिक्षणाधिकाऱ्यांनी खाली वाकून पहिल्या रांगेतल्या बाईंचं सगळ्यांदेखत अभिनंदन केलं. तेव्हा कुठे अण्णांची नजर परत कागदावर गेली. त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं, या वेळी मनात, आणि त्यांचे हात जोडलेलेच राहिले.

कार्यक्रम संपल्यावर ते पायऱ्या उतरून बाईंकडे आले. मागे संजयराव, तोंड पाडून.

"हे कधी ठरलं, बाई?"

"मघाशी, अण्णा. आपणच जाहीर केलंत."

"मला काय माहीत त्या कागदात काय…" अण्णा बोलता बोलता थांबले. आजूबाजूचे पालक ऐकत होते.

तेवढ्यात पूर्वा धावत आली आणि त्यांच्या गळ्यात पडली. "आजोबा, माझ्यापेक्षा तुम्हीच छान केलीत राणी!"