गुडघ्याची गोळी आणि केळीचं पीठ

पोटात आग पडली तर तुम्ही विश्वास कुणावर ठेवाल? डॉक्टरवर, घरच्या बाईवर, की माझ्यासारख्या जडीबुटीवाल्यावर? जळगावात माझं काष्ठौषधींचं दुकान आहे. शाळा नववीत सुटली, पुढचं गिऱ्हाइकांनी शिकवलं. दुकानासमोर बाकडं टाकलं की किस्से आपोआप गोण्यांसारखे थप्पीला लागतात. त्यातले हे किस्से माझे मित्र नाना यांचे. नाना म्हणजे यावलकडचे केळीवाले.

*

फार्मसी कॉलेजचे एक सर माझ्याकडून ज्येष्ठमध नेतात. एकदा म्हणाले, "यात फ्लेव्होनॉइड नावाची द्रव्यं असतात. जठराच्या अस्तराची जखम, म्हणजे अल्सर, भरायला त्यांची मदत होते असं दिसतंय. कच्च्या केळातही असतात."

दीपनगरच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले आबा बाकड्यावर होते. "कुणावर दिसलं?"

"उंदरांवर. आधी त्यांना अल्सर करतो, मग औषध देतो."

"अल्सर करायलाच माणूस पाहिजे ना? आमचा कॅन्टीनवाला घेऊन जा."

*

कच्चं केळ म्हटल्यावर नानांनी कान टवकारले. पोटाची जळजळ त्यांची जुनी सोबतीण. "ट्रकच्या ट्रक औषध दिल्लीला पाठवलं, अन् मी इथं सोडा पीत बसलो!"

त्यांची बायको म्हणजे आमच्या अक्का, माहेर धुळ्याकडचं. त्यांनी गच्चीवर केळाचे काप वाळवून दळले. ताकातून ते पीठ घेता घेता नानांची जळजळ कमी झाली. मग लग्नात भेटेल त्याला नाना जेवणाआधी पोटाचं विचारू लागले अन् पीठ सुचवू लागले.

सर म्हणाले, "नाना, माणसांवर अजून पुरतं तपासलेलं नाही."

"उंदीर बरे झाले ना?"

"जखम भरली होती."

"मग आता मजेत असतील."

"नाही. भरली का, ते बघायला पोट उघडावं लागतं."



*

एका सकाळी नाना खुशीत आले. "आज सगळी उष्णता निघाली. शौचाला डांबरासारखं काळं!"

"आमच्या प्लँटची राखच म्हणा की," आबा हसले. सर हसले नाहीत. "हे रक्त आहे," म्हणत त्यांनी रिक्षा थांबवली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "दुखण्याची गोळी घेता?"

"पोटासाठी? एकही नाही."

अक्का खेकसल्या, "ती लाल गोयी सांगा ना, रोज खातस ती."

"ती गुडघ्याची. गुडघा कुठं अन् पोट कुठं!"

डॉक्टर म्हणाले, त्याच गोळीनं पोट पोखरलंय. गोळी कायमची बंद.

*

नाना बरे होऊन पुन्हा बाकड्यावर आले. मी विचारलं, "गोळी सोडली का?"

"सोडून बागेत फिरू कसा? गोळी चालू ठेवली अन् पीठ डबल केलं. तुझ्याच दुकानात शिकलो. एक नावे, एक जमा. बाकी शून्य."

"नाना, पोट म्हणजे खातं नाही."

"घाबरतो काय? उंदरापेक्षा तर मोठा आहे मी."

सरांनी हात जोडून बघितले. मी अक्कांना फोन केला. त्यांनी गोळ्या चुलीत टाकल्या. नानांनी भुसावळहून नव्या आणल्या.

केळीची कापणी चालू असताना बांधावरच नानांना रक्ताची उलटी झाली. गाडी जळगावला पोचली तेव्हा नाना नव्हते.

*

आम्ही दुखवट्याला गेलो. अंगणात एक पाहुणा सांगत होता, "पिठानं नानांचं पोट ठणठणीत झालं होतं. दवाखान्यानं घात केला." दोन-चार माना डोलल्या.

निघताना तोच पाहुणा अक्कांजवळ गेला. हळूच म्हणाला, "अक्का, ते पीठ उरलं असेल तर द्या. माझंही पोट जळतं."

अक्का आत जाऊन डबा घेऊन आल्या. त्यानं हात लावला, पण त्यांनी डबा सोडला नाही. पाहुण्याच्या गुडघ्याला पट्टा बांधलेला होता. त्या पट्ट्याकडे बघत अक्का म्हणाल्या, "पीठ लई जा भाऊ. पन पोटमा काय काय जास, त्याना हिसाब खरा ठेवा."