बटणाचे टायर आणि जावयाचं दार

जावयाने माझ्या अंगणात येऊन गाडीचे दोन्ही टायर चिरले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. मी बांगडे साफ करत बसले होते. तो लपतछपत आला नाही. कमरेला बांधलेल्या आकडीतून कोयती काढली, पुढच्या टायरला दोन घाव घातले, मागच्याला तीन. हवा सुटल्याचा आवाज ऐकून मुलगी आतून धावत आली. त्याने तिचे केस धरले आणि तोंड गाडीच्या टाकीवर आपटलं. मी बसले होते तो पाट उचलला आणि त्याच्या नडगीवर हाणला. तो खाली बसला. मग उठला आणि लंगडत जाताना म्हणाला, "आता जा चालत कामाला. माझ्या दारावरनंच जाशील ना?"

मोटारसायकल माझ्या मुलाची. तो जहाजावर असतो. सुट्टीत डोंगरदऱ्या हिंडायला म्हणून त्याने ती घेतली. उंच, तारांच्या चाकांची, डांबरावर चालेल आणि कच्च्यातही चालेल अशी. तो जहाजावर गेला की ती पडवीत पडून असायची. मुलगी नवऱ्याचं घर सोडून माझ्याकडे आली तेव्हा तिच्या डाव्या कानाचा पडदा फाटला होता. जयगडला बंदराबाहेर एका ठेकेदाराच्या वजनकाट्यावर तिला काम मिळालं. पाळी सकाळी सहाची आणि आमच्याकडची पहिली एसटी सातची. म्हणून ती ही गाडी शिकली. पाय जमिनीला पुरत नव्हते. तीन वेळा गाडीसकट आडवी झाली, चौथ्यांदा झाली नाही. वाडीतली माणसं हसायची. हसू देत.

टायर चिरले त्या दिवशी तिची सुट्टी होती. पोलीस आले, जबाब घेतला, जावयाला दम दिला आणि सोडलं. ठेकेदार फोनवर म्हणाला, तीन दिवसांत ये, नाहीतर दुसरी मुलगी बसवतो. संध्याकाळी माझा मोठा भाऊ आला.

"काम गेलं तर पुढं काय करणार हाय ती?" तो म्हणाला. "नवऱ्याकडं पाठव. मारतो म्हणजे जीव तर घेत नाय."

"जीव घेतल्यावर तू येशील उचलायला?"

तो चहा न घेता गेला. पण त्याचं एक बरोबर होतं. काम गेलं असतं तर सगळे मिळून तिला परत त्या घरात ढकलणार होते. मला माझ्या वेळी असंच ढकललं होतं. माझा नवरा वल्ह्याने मारायचा. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं अजून वाकत नाहीत. तो मेला तेव्हा मी रडले नाही.

आमच्या घरापासून बंदराला दोन वाटा. एक पूर्ण डांबरी, ती जावयाच्या दारावरून जाते. त्याचं दार आणि रस्ता यांच्यात चार पावलं. दुसरी वरून, सड्याच्या उघड्या पठारावरून. नुसता जांभा दगड, पावसात त्यावर लाल चिखल आणि घोट्याएवढं पाणी. ती वाट जावयाचं गाव टाळते, पण सडा उतरला की पुन्हा डांबर लागतं ते बंदराच्या गेटापर्यंत.

बाजूने चिरलेला टायर जोडता येत नाही, असं पंक्चरवाल्याने सांगितलं. दोन्ही चाकं मासळीच्या टेम्पोत टाकून आम्ही रत्नागिरीला गेलो. दुकानदाराने तीन प्रकार पुढे मांडले.

"काकी, हा डांबरासाठी. हा बटणाचा, चिखलासाठी. बटणं उंच आहेत, मधे जागा मोकळी, चिखल झटकून टाकतो. पण ओल्या डांबरावर नुसती बटणांची टोकं टेकतात, धर कमी. आणि हा मधला. दोन्हीकडे चालतो, दोन्हीकडे थोडा कमी."

"मधला द्या," मुलगी म्हणाली.

मी विचारलं, "हा पावसात सड्यावर चालेल?"

"पावसात? खाचा चिखलाने भरल्या की गुळगुळीत होणार. फसेल."

"मग बटणाचा."

"आये, अर्ध्या वाटेवर डांबर हाय माझ्या."

"आणि डांबराच्या वाटेवर तो हाय. गाडी चिखलात रुतली तर निघते. त्याच्या हातात गावलीस तर निघशील?"

तिने मधला टायर मागे सारला. त्या मापात बटणाच्या दोन जोड्या होत्या. मी चाळीस वर्षं मासळी विकली. मासा अंगठ्याने दाबायचा. खड्डा राहिला तर शिळा, कडक लागला तर ताजा. मी टायर तसेच दाबले. एका जोडीत अंगठा जरासा रुतत होता. दुसरी लाकडासारखी होती. मी लाकडासारखी बाजूला काढली. दुकानदाराने पाहिलं आणि बिल करायला घेतलं.

"आये, ही काय सुरमय हाय दाबायला?"

"गप. मऊ माल कोण घेतं?"

आठ दिवस ती सड्यावरून गेली. बटणं चिखलात रुतून गाडी पुढे नेत होती. संध्याकाळी ती पोटरीपर्यंत लाल होऊन यायची, पण अंगावर नवा वळ नसायचा. मला वाटलं, मी जिंकले.

नवव्या दिवशी सडा उतरून ती डांबरावर आली. त्या रस्त्यावर कोळशाच्या गाड्या चालतात. भुकटी आणि पाऊस मिळून डांबरावर काळं पातळ गंधासारखं बसतं. पुढचा ट्रेलर थांबला, तिने ब्रेक दाबला. पुढचं चाक सरकलं आणि ती गाडीबरोबर आडवी घसरत ट्रेलरच्या मागच्या चाकापाशी जाऊन थांबली. ट्रेलर दोन हात मागे आला असता तर तिचं डोकं फुटलं असतं.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा नर्स चिमट्याने तिच्या कोपरातून खडी काढत होती. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी नव्हती, सोललेल्या मुशी माशासारखं दिसत होतं. गुडघ्याला अकरा टाके. हाड मोडलं नव्हतं. ती ओरडली नाही. मार खाऊन तिला न ओरडायची सवय झाली होती आणि ते मला जखमेपेक्षा वाईट वाटलं.

गाडी गेटाजवळच्या पंक्चरवाल्याकडे नेऊन ठेवली होती. त्याने मला टायरवर नख मारून दाखवलं. नख उमटलं नाही.

"आजी, हे कुठल्या शहाण्याने घेतले?"

"मी."

त्याने टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. मी चौथी शिकलेय, आकडे वाचता येतात. टायर सात वर्षांपूर्वीचे होते. पडून पडून रबर सुकतं, कडक होतं आणि ओल्यात धरत नाही, असं तो म्हणाला. म्हणजे माशात कडक तो ताजा आणि रबरात कडक तो शिळा. सगळ्या आयुष्यात मला कुणी शिळा मासा विकला नव्हता. टायर मात्र मी स्वतः शोधून शिळे काढले आणि लेकीच्या गाडीला लावले.

ठेकेदाराने टाके निघेपर्यंत सवड दिली. तेवढ्यात ते टायर घेऊन मी लेकीबरोबर रत्नागिरीच्या दुकानात गेले आणि एक त्याच्या काउंटरवर आपटला. काच तडकली.

"सात वर्षं जुना माल विकतोस?"

"काकी, तुम्हीच निवडलात. मी हातात दिले नाहीत."

"आणि तुझं तोंड शिवलं होतं काय? सोललीय माझी पोर."

मी चप्पल काढली. गिऱ्हाइकं मधे पडली नसती तर मारलीच असती. त्याने टायर बदलून देतो म्हटलं. मुलगी माझ्या मागून लंगडत पुढे आली, मधला प्रकार मागितला, वाकून आकडे वाचले. ते चालू सालाचे होते.

"ह्यावर सडा होणार नाय," मी म्हणाले.

"पाऊस जाईपर्यंत नाय होणार. मी खालनं जाईन."

"त्याच्या दारावरनं?"

"दार त्याचं हाय. रस्ता त्याचा नाय." मग सरळ होत म्हणाली, "तू त्याला घाबरून टायर घेतलेस, आये. तू घाबरलीस आणि पडले मी."

मी चप्पल पायात घातली.

पहिल्या सकाळी मी मागे बसले. तिला नको होतं, तरी बसले. मुलाचं जास्तीचं हेल्मेट तिने माझ्या डोक्यात घातलं. पाऊस भुरभुरत होता. जावयाला आमची गाडी लांबून ऐकू आली असणार. वळण घेतलं तर तो दांडका घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा. मुलीने ब्रेक दाबला. माझं डोकं तिच्या पाठीवर आदळलं. टायरने ओला रस्ता धरला आणि गाडी त्याच्यापासून हातभर अंतरावर सरळ उभी राहिली. त्याला वाटलं होतं ती पडेल. तो क्षणभर नुसता बघत राहिला.

तेवढ्यात मी उतरले. हेल्मेट काढलं आणि त्याच्या गालावर हाणलं. त्याने दांडका उगारला, तो माझ्या खांद्यावर बसला. मी दुसऱ्यांदा मारलं ते तोंडावर. पुढचे दोन दात गेले. तो गटारात बसला आणि रक्त थुंकू लागला.

"आये, बस मागं," मुलगी म्हणाली.

"तू जा. उशीर होईल."

तिने माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि गेली. त्याची आई दारातून धावत आली.

"म्हातारे, माझ्या लेकराला मारलंस?"

"तू कधी मारलं नायस म्हणून."

त्याने तक्रार दिली. हवालदार मुलाच्या वयाचा होता, चांगला होता. म्हणाला, "आजी, झटापटीत लागलं असं सांगा."

"झटापट नाय झाली. डोक्यातलं हेल्मेट काढून दोनदा मारलं. तसंच लिवा."

त्याने लिहिलं. मी सही केली. माझा खांदा अजून वर जात नाही, अंबाडा बांधायला मुलगी लागते. कोर्टात तारीख पडली की मी एसटीने रत्नागिरीला जाते. मुलगी वजनकाट्यावर आहे आणि रोज त्या दारावरून जाते. तिथे तू वेग वाढवतेस काय, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, वाढवत नाय आणि कमीही करत नाय.