खाली चाळीस, वर ऐंशी

माझे सासरे पाणी सोडतात. म्हणजे रस्त्यातल्या खड्ड्यात उतरून लांब दांड्याच्या लोखंडी चावीने एक व्हॉल्व्ह बंद करतात आणि दुसरा उघडतात. एकतीस वर्षं हेच काम. सगळे त्यांना चावीवालेच म्हणतात.

पाणीपुरवठा ऑफिसच्या कागदावर खालच्या वसाहतीला एक तास पाणी आणि चढावरच्या वस्तीलाही एक तास. सहा वर्षांपूर्वी सासऱ्यांनी बादली आणि घड्याळ घेऊन दोन्हीकडचे शेवटचे नळ तपासले. खाली बादली एका मिनिटात भरली, वर तीच भरायला दोन मिनिटं लागली. दुसऱ्या दिवसापासून खाली चाळीस मिनिटं आणि वर ऐंशी. कुणाला विचारलं नाही, कुठे लिहिलं नाही. सरळ माणसांना ही खोडच असते. आपला सरळपणा सगळ्यांना दिसतोच असं धरून चालतात.

पुढे दोन वर्षांनी मी त्यांची सून झाले. माझं माहेर चढावर, वरचा शेवटचा नळ आमचाच. लग्नानंतर सासऱ्यांनी चढावर पाऊल टाकलं नाही. व्याह्यांकडे पाहुणचार झोडतो म्हणून वर जास्त पाणी सोडतो, असं कुणी म्हणायला नको. आई बोलावणं धाडायची, सासरे गुडघे दुखतात म्हणायचे. त्याच गुडघ्यांनी रोज खड्ड्यात उतरायचे.

खालच्या वसाहतीत हेडसर राहतात. निवृत्त झाले तरी दुसऱ्यांना वेळ पाळायला लावण्याचं वेड काही गेलं नाही. त्यांनी महिनाभर खिडकीत बसून पाण्याच्या वेळा टिपल्या. त्यात चावीवाल्यांची सून वरची आहे, हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं. झालं. सुनेच्या माहेरासाठी आमचं पाणी तोडतात, असा अर्ज गेला. निवृत्तीला चौदा महिने उरले असताना सासऱ्यांना चौकशीचं पत्र आलं.

"बाबा, चूक झाली म्हणा," मी म्हटलं. "उद्यापासून तास-तास सोडतो म्हणा. नोकरी तरी राहील."

"आणि वरच्यांनी काय करायचं?"

मी ते पत्र घडी करून ठेवलं.

चौकशीच्या दिवशी नवरा कामावर होता, म्हणून मी त्यांच्यासोबत गेले. ऑफिसातल्या साहेबांच्या खोलीत वसाहतीतले वीसेक लोक दार अडवून उभे होते. हेडसरांनी वही उघडून एकेक तारीख वाचायला घेतली. दहावी तारीख वाचून होताच सासरे उठले.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका. घड्याळ हेडसरांचंच घ्या आणि वर चला. बादली लावून बघू."

त्यांना थांबवायला हवं होतं, पण इतक्या लोकांसमोर काय सांगून थांबवणार?

साहेबांनी एका माणसाला वरच्या वस्तीचा व्हॉल्व्ह उघडायला पाठवलं आणि सगळी वरात चढ चढून माझ्या माहेरच्या अंगणात आली. आई दारात आली. आम्हाला बघून तिचा चेहरा उतरला. सासऱ्यांनी नळाखाली बादली ठेवली, हेडसरांनी घड्याळ धरलं. पाणी आलं ते धो धो.

"एक मिनिट पाच सेकंद," हेडसर म्हणाले.

"पुन्हा," सासरे म्हणाले.

तीनदा बादली लावली, तीनदा तेच. मागे कुणीतरी हसलं.

"दीड वर्षापूर्वी वर जाणारा फुटका पाइप बदलला ना," साहेब म्हणाले. "जोर वाढणारच."

तो पाइप बदलताना सासरे स्वतः खाली रस्त्यावर उभे होते. फक्त वर येऊन नळ तेवढा बघितला नव्हता. का नव्हता, ते मला ठाऊक होतं.

त्यांनी ओले हात शर्टाला पुसले. "हेडसर, अर्ज खरा आहे. दीड वर्ष मी तुमचं पाणी तोडलं."

हेडसर भांडायच्या तयारीने आले होते, तेच गडबडले. "मुद्दाम नाही केलंत हो, दिसतंय ते."

"तुमच्या बादल्या तर रिकाम्या राहिल्याच ना." मग ते साहेबांकडे वळले. "काय ते लिहा. पण सरसकट तास-तास नका लिहू. पाच सेकंदांचा का होईना, फरक आहे. आणि दर सहा महिन्यांनी दोन्हीकडे मोजायचं, तेही लिहा."

साहेबांनी सगळं लिहून घेतलं. चावीही काढून घेतली. उरलेले चौदा महिने गोदामात.

उतरताना वळणावर सासरे थांबले. "विहीणबाईंना कळलं असेल ना, जोर वाढला ते?"

खोटं बोलता आलं असतं. दीड वर्ष आईचं पिंप भरून वाहत होतं. मी दर खेपेला बघत होते.

"ती तुम्हाला निरोप पाठवणार होती," मी म्हटलं. "मीच नको म्हटलं."

"का गं?"

"पंचवीस वर्षं ती हा चढ हंडे घेऊन चढलीय, बाबा."

ते खाली वसाहतीकडे बघत राहिले. "तिथल्या शेवटच्या नळावरही कुणीतरी हंडा लावून बसलं असेल," म्हणाले आणि चालायला लागले. आवाज जराही चढला नव्हता. त्यापेक्षा ते माझ्यावर ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.