झेंडूतली सुई

खुटबावात कुणाचं काही हरवलं की आधी तानुबाईंना हाक जाते. खळ्यात पडलेली कुडी म्हणू नका, गवतात गेलेला विळा म्हणू नका. "एकेक काडी काय चिवडता? पसरा आन् सगळंच एका नजरंत बघा. येगळं असंल ते आपसूक दिसतं," असं त्या वर ऐकवतातही. बाईंना जरा तोरा आहेच.

म्हणून नात मोनालीच्या लेकीच्या बारशाला सुई हरवली तेव्हा कुणी फारसं घाबरलं नाही. सकाळी तानुबाई पिवळ्या दोऱ्यानं झेंडू ओवत होत्या, सून सारिका पांढऱ्या दोऱ्यानं शेवंती. हार संपले, दोघी चहाला उठल्या, पोरींनी हार नेऊन पाळण्याला गुंडाळले. परत येऊन बघतात तर तानुबाईंची सुई नाही. त्यांनी उरलेली फुलं पोत्यावर पसरली, एकदा नजर फिरवली आणि चिमटीत सुई धरून ओरडल्या, "ही बघा!" सगळ्या हसल्या. तानुबाईंनी सुई न बघताच खांद्यावर पदरात खोचली. एक सापडली, तशी सगळ्यांची नजर सैल पडली.

दुपारी केंदूरचे व्याही आले. बायकांनी पाळणा म्हणायला घेतला. बाळाला ठेवायला मोनाली वाकली, तेवढ्यात पदर सावरताना तानुबाईंच्या बोटाला दोरा लागला. पांढरा दोरा.

त्यांची सुई तर पिवळ्या दोऱ्याची होती.

"थांब मोनाली! पोरीला ठिवू नगं!"

गाणं बंद पडलं. "अवो, शुभ टायमाला हे काय?" विहीणबाई फणकारल्या.

"सारिका, तुझी सुई कुठं हाय?"

"रिळाला खोचलीय की…" सारिकानं रीळ आणलं. रिळाला सुई नव्हती. मोनालीनं बाळाला उराशी गच्च धरलं.

पाळण्याचे हार उतरवून चादरीवर पसरले. तानुबाईंनी नजर फिरवली. पुन्हा फिरवली. पिवळ्या फुलांत पिवळा दोरा, वेगळं काहीच दिसेना. एवढी भीती त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती. शेवटी त्या खाली बसल्या आणि एकेक फूल बोटांनी दाबून बघू लागल्या. त्यांची तऱ्हाच मोडली. कुणी हसलं नाही.

डोक्याच्या बाजूच्या हारात त्यांचं बोट टोचलं. झेंडूवर रक्ताचा थेंब आला.

"सापडली!" बायका एकदम बोलल्या. विहीणबाईंनी हात जोडले. "झालं बाई एकदाचं. ठेवा आता लेकराला."

तानुबाईंनी सुई सारिकाच्या हातात दिली आणि पुढचं फूल उचललं.

"सकाळी बी एक सापडली म्हणून असंच थांबलो हुतो," त्या म्हणाल्या.